दुरुस्तीचा बंगला

एकवीरा आईची आण घेऊन सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. खोटा निघाला तर माजी जीभ झडू दे, आन् झडल्याली जीभ कावळा बी उचलू नये. कुसगावात कुनालाबी विचारा, म्हनतील धोंडाबाई थापाडी हाय. हाय की. नागफणीच्या कड्याखाली वाघाला मी चुलीतलं जळतं लाकूड दावून पळवलं, आन् तो वाघ दर साली येक हात लांब हुतो, ह्ये कबूल. बोगद्यातल्या भुतानं माज्याकडं तंबाकू मागितली, आन् चुना न्हाई म्हनून रागानं माघारी दिली, ह्ये बी मीच उठवलंय. ऐकनारे हासत्यात, त्येंचं जेवान पचतं, माजं काय जातं. पन ह्ये त्यातलं न्हवं. ह्ये खरं हाय म्हनून तर सांगाय जड जातं. वाघ सांगाय सोपा असतो.

पुन्याला इद्यापीठातल्या येका खोलीत मी बसले व्हते. लांबडं टेबल, भवतीनं खुर्च्या, वर पंखा फिरतोय पन वारं खाली यीना. माजी नात नंदा हुबी ऱ्हाऊन वाचत व्हती. निळी साडी, केसाला तेल कमी, आवाज पुन्याचा काढल्याला. मला वाटलं दुसऱ्याच कुनाची नात हाय. आन् तिनं वाचलं, ‘एक जखमी सैनिक. वय बावीस. मावळातील शेतकरी कुटुंबातला. मांडीत गोळी.’ मला त्या पोराचं वाईट वाटलं. मनात म्हनलं, कुनाचं गं बाई लेकरू, वडगावाकडलं का पवनेकडलं, आई असंल का त्याला. तवर नंदीनं फुडं वाचलं, ‘त्याची आई रोज खेकड्याचा कढ घेऊन येत असे.’ ती आई मी. तो बावीस वर्सांचा म्हंजे माजा महिपती, ह्या नंदीचा बाप. दुसऱ्याच्या दोरीवर आपल्या पोराचा सदरा वाळत पडल्याला दिसावा, धुऊन, गुंड्या लावून, आन् आपुन वळखू नये, तसं झालं. शेजारची चष्म्यावाली बाई पेन्शिलीनं उतरून घेत व्हती. बापाला ‘एक सैनिक’ म्हनताना नंदीचा आवाज हालतो का, येवढंच मी बघत बसले. न्हाई हालला. त्या पोरीनं बाप बघितलाच न्हाई, तर आवाज कशाला हालावा. माजा हात मात्र टेबलाखाली लुगड्याचा काठ चोळत व्हता, आन् मला कुटनं तरी डेटॉलचा वास याला लागला. त्या खोलीत डेटॉल न्हवतं. पंचवीस वर्सं झाली, तो वास नाकात बिऱ्हाड करून ऱ्हायलाय, भाडं दीत न्हाई.

नंदी बापाच्या पेन्शनीवर शिकली. बापाला ज्यांनी धाडलं त्यांनीच लेकीला शिकवलं, म्हंजे हिशोबाला कुनी बोट लावू नये. बी. ए. झाली, मग यम्मे, आन् यम्मेला तिनं प्रबंधाचा विषय घेतला लढाई आन् मानुसकी ह्येंचं नातं. मी तवा तांदूळ निवडत व्हते. म्हनलं, “नातं? सोयरीक जमवली कुनी?” ती म्हनली, “आजे, थट्टा नको करू. लढाईत जखमी झाला त्याला कुनी उचलायचं, कुनी पानी द्यायचं, ह्याचे कायदे हायेत. दुश्मनाच्या जखमी मानसाला बी मारायचं न्हाई.” म्हनलं, “आन् धडधाकट हाय त्याला?” “त्याला मारलं तर चालतं.” “म्हंजे आदी मोडायचा, मग माया करायची.” मला वाटलं हासंल. हासली न्हाई. सुपातला येक खडा उचलून तिनं माज्या हातावर ठिवला न् म्हनली, “त्येच शोधायचंय. ही माया लढाईला आवर घालती, का चाकाला वंगन घालती.” मी खडा फेकून दिला. वंगन, म्हनायचं व्हतं मला. पन पोरीचं त्वांड असं झालं व्हतं की म्हनवंना. लहानपनी आंधाऱ्या खोलीत जायाच्या आदी असंच करायची. त्वांड घट्ट, पाय फुडं.

पावसाळा मदावर आला व्हता, खाचरं भरल्याली, तवा महिपती आला. बिरमाच्या रानातनं. लोनावळ्याच्या टेकाडावर येका पारशाचा बंगला लष्करानं घेतला व्हता. जखमी शिपाई मोठ्या इस्पितळातनं जरा सावरले की हवा खायाला हितं धाडायचे. माजा नवरा भिमाजी रेल्वेत गँगमन. त्यानं त्याला नाव ठिवलं दुरुस्तीचा बंगला. म्हनायचा, खाली शेडात इंजनं दुरुस्त हुत्यात, वर शिपाई. मालक येकच. मी हासायची. तवा मला हासू यायचं. पयल्या दिशी मी आन् सून शालू गेलो तर महिपती पांढऱ्या चादरीवर, पायाखाली उशी, डोक्याखाली उशी. माज्या पोरानं जल्मात घोंगडीबिगर काय बघितलं न्हवतं. त्याला गादी पयल्यांदा लढाईनं दिली. तो लाजत व्हता. म्हनला, “आये, हितं मला बशी हातात देत्यात.” शालू दाराशीच हुबी, डोईवरचा पदर नाकापातूर. तो तिच्याकडं बघंना, ती त्याच्याकडं बघंना, आन् मदी ती सिस्टर. लाल केसांची, नाकावर मोहरी फुटल्यावानी ठिपके. तिला आमचं दोनच शबूद यायचे. ‘दुकतं?’ आन् ‘बरं’. ‘दुकतं?’ ईचारायची, आन् त्यानं मान हालवली की ‘बरं’ म्हनायची. डेटॉलनं हात धुऊन पट्टी अशी सोडायची की मी माज्या पोराचं लंगोट बी कदी इतक्या हळू सोडलं नसंल. तिला मी नावं ठिवनार न्हाई.

आमच्याकडं हाड मोडलं का मांस फाटलं की काळा खेकडा. दुसरा विलाज न्हाई. बांधाच्या बिळात हात घालायचा, तो चावतो, चावू द्यायचा. पाट्यावर ठेचायचा, फडक्यातनं गाळायचा, लसनीची फोडनी देऊन कढ करायचा. रोज सकाळी मी न् शालू बांध धुंडायचो, आन् मी किटली घिऊन टेकाड चढायची. लष्कराच्या दाक्तरानं पयल्या दिशी नाक मुरडलं, मग त्याच्या ध्यानात आलं की ह्याचा पाय लवकर भरतोय. येक दिस त्यानं महिपतीच्या मांडीवर थाप मारली आन् मला म्हनला, “शाबास, माँजी.” मला आजपातूर कुनी सायबानं शाबास म्हनलं न्हवतं. ती शाबासकी मी टेकाडावरनं बाजारातनं मिरवत घरी आनली, वाटंत चार बायांना सांगितली, चौथीला सांगस्तवर दाक्तर जनरल झाला व्हता. जखम रोज बघायची मी. आदी उघड्या तोंडावानी व्हती, कायतरी सांगायला गेल्यावानी. मग कडंनं मिटत आली. मिटली. आन् मला आनंद झाला. जखमेनं त्वांड मिटलं म्हंजे ती काय सांगत व्हती त्ये आता कुनालाच कळनार न्हाई, ह्ये मला कसं सुचावं. मी आई. आईला भरल्याली मांडी दिसती.

बाजूच्या खाटंवर सुदुंबऱ्याचा केरबा व्हता. डावा हात खांद्यातनं गेल्याला. येक दिस मी किटली ठिवली न् तो म्हनला, “मावशी, कढ जरा पातळ करा.” म्हनलं, “का रं, तिखट लागतो?” म्हनला, “न्हाई. तुमचा गडी भरत चाललाय. भरला की धाडत्यात.” “कुटं?” “जितनं आला तितं.” आन् आपल्या रिकाम्या बाहीला गाठ मारत म्हनला, “माजं बघा. माजं दुरुस्त हुन्यासारखं काय ठिवलंच न्हाई. मी सुटलो.” असा हासला जसं काय त्याला सोमाटण्याच्या फाट्यावर जिमीन मिळालीया. मी महिपतीकडं बघितलं. तो बशी चाटत व्हता. गालावर रगत आलं व्हतं. त्या रगताकडं मी बघत ऱ्हायले. येवडी पंदरवड्याची पायपीट, चावल्याली बोटं, लसनीचा वास, सगळं माज्यासमूर येका रांगंत हुबं ऱ्हायलं, आन् त्या रांगंच्या टोकाला बिरमाचं रान. मीच त्याला चारत चारत तितं नेत व्हते. मी येकटी न्हाई. ती चादर, ती उशी, ती सिस्टर, तो दाक्तर, बाजारातल्या बाया देवाला नारळ बोलल्या त्या. सगळी चांगली मानसं. सगळी मिळून त्याला ढकलत व्हती, कुनाच्या बी मनात वाईट न्हवतं.

दुसऱ्या दिशी मी कढात पानी घातलं. त्यानं घोट घेतला न् म्हनला, “आये, आज चव न्हाई.” मी वाटी काढून घेतली. पदराच्या गाठीत मी बिब्बा आनला व्हता. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतो, फोड फुटला की चिघळतो, महिना महिना भरत न्हाई. ज्यांना भरती चुकवायची त्यांनी आमच्याकडं हेच केल्यालं. मी त्याला बाहीर भिताडापाशी बसवलं, समोर धरनाचं पानी गढूळ, आन् गाठ सोडून दावली. त्याला लगीच कळलं. म्हनला, “आये, तू मला बरं कराया आलीस का नासवाया?” म्हनलं, “जित्ता ठेवाया.” त्यानं ती गाठ माज्या मुठीत परत मिटवली. मग म्हनला, “त्यांनी माजं किती केलं गं. गु-मूत काढलं. त्या बाईनं माजी नखं कापली. त्यांचं मीठ खाल्लं मी. आता पायाला बिब्बा लावून त्यांना फसवू?” म्हनलं, “आन् माज्या कढात मीठ न्हवतं व्हय रं?” त्यानं माज्याकडं बघितलं. लहान असताना हाटात हात सुटला की बघायचा तसा. म्हनला, “तुजं मीठ घरचं हाय आये. घरच्या मिठाला कोन जागतो.” बिब्बा मी तितंच गवतात टाकला. चैतात तो रजेवर येऊन गेला तवाचे शालूला दिस गेल्यात, ह्ये सांगायला मी तोंड उघडलं व्हतं. पन ती म्हनली व्हती मी सांगीन. तिनं सांगितलं. तो लय खूश झाला, आन् म्हनला आता तर मला पगार लागंल.

मग तो बोर्डाचा दिस, म्हंजे कोन परत धाडायजोगा झाला ते सायबांनी ठरवायचा. आत टेबलामागं तीन सायेब, आन् येकेक शिपाई चालून दावायचा. मी बाहीरनं खिडकीचा गज धरून हुबी. महिपती चालला. सरळ चालला, जरा बी लंगडला न्हाई, दाखवत व्हता की तुमी किती झ्याक दुरुस्त केलंय. तवा ती लाल केसांची सिस्टर भिंतीजवळनं फुडं आली आन् त्या टेबलासमूर आडवी झाली. कायबाय बोलली, वरच्या आवाजात, आन् डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्या सायबांच्या कागदांवर टाकली. म्हनली, ह्याला धाडू नका, मी ह्याला ह्याच्यासाठी बरा केला न्हाई. मोठा सायेब हुबा ऱ्हायला. कुनी तरी तिचा हात धरून तिला बाहीर नेलं. टोपी तितंच ऱ्हायली. महिपती पास झाला.

ठेसनावर त्याला पोचवायला आमी सगळी गेलो व्हतो. बंगल्यातनं बी दोघं-तिघं आली, हातात फुलं. त्याची गाडी घाट उतरायची व्हती. शेजारच्या रुळावर घाट चढून आल्याली गाडी हुबी, आन् तिच्या मागचं इंजिन सोडत व्हते. कर्जतापासनं ते मागनं ढकलत येतं, आन् चढ सपला की सुटून माघारी जातं. फुडं ती गाडी कुटं जाती, त्यात कोन बसलंय, त्याला काय करायचं. त्याचं काम ढकलायचं. भिमाजी त्या इंजिनाकडं बघत व्हता, पोराकडं न्हाई. शालू रडली न्हाई. महिपतीनं गोळीचा पाय ताठ करून मला दावला, “बघ आये, पयल्यापेक्षा ब्येस.” खिडकीतनं त्याचा हात दिसला, मग नुसती खिडकी, मग शेपटाचा डबा. नंदी झाली तवा तार येऊन गेली व्हती.

त्याच्या मागनं चीनची लढाई झाली, पाकिस्तानची झाली. लोनावळ्यातल्या मोठ्या बंगल्यांतल्या बाया जवानांसाठी स्वेटर विनायच्या, मी लोकर गुंडाळाय जायची. हिरवी लोकर. गुंडाळताना बोटं म्हनायची, ह्यो बी कढच हाय, फकस्त लोकरीचा. तरी मी गुंडाळली. थंडीत कुडकुडनाऱ्या पोराला स्वेटर नको म्हननारी मी कोन. ह्येच तर हाय ना. नको म्हनायला जागाच ठेवत न्हाईत.

तर त्या खोलीत हेच सगळं नंदी वाचत व्हती, सुधरून सुधरून, नावं काढून. आन् शेवटाला तिनं म्हनलं की मायेचं काम लढाईला उपेगी पडतं ह्ये खरं, पन माया कदी कदी लढाईच्या आडवी बी हुबी ऱ्हाती, आन् तिला पुरावा म्हंजे ती सिस्टर. तिचे सर, बारीक अंगाचे, सारखे चष्मा पुसनारे, मानूस वाईट न्हवता. त्यांनी आदीच नंदीला बजावलं व्हतं की आजीच्या गोष्टी म्हंजे पुरावा न्हवं, आजीला घिऊन या, आमी विचारू. सिस्टर खरी असंल तर प्रबंध हुबा ऱ्हातो, नसंल तर परत पयल्यापासनं. येका कालेजातली शिकवायची नोकरी बी त्याच्यावरच आडल्याली. सर म्हनले, “आजी, एक विचारू का? राग नको.” म्हनलं, “ईचारा की. राग आला तर सांगीन.” चष्म्यावाली बाई हासली. “ती सिस्टर तेव्हा इंग्रजीत बोलली असेल. तुम्हाला कसं कळलं?” म्हनलं, “सायेब, टोपी कळती. डोक्यावरची टोपी कागदावर आपटली की सगळ्या भाषेत येकच.” “पण तुम्ही स्वतः पाहिलंत? का कुणी सांगितलं?” सगळ्यांनी माज्याकडं त्वांडं केली. नंदी माज्याकडं बघत न्हवती, समोरच्या भिताडाकडं बघत व्हती, त्वांड घट्ट, पाय फुडं. “आजी?” सर म्हनले. म्हनलं, “आमच्यात बेलभंडारा उचलून सांगत्यात. हाय का हितं?” सर गडबडले. फळ्याखालच्या पट्टीवर पिवळ्या खडूचा भुगा पडला व्हता, तो मी चिमटीत घेतला, कपाळाला लावला न् म्हनलं, “ह्या डोळ्यानं बघितलं.” खडूचा भंडारा हुतो का? न्हाई हुत. त्येंना काय ठावं. चष्म्यावाल्या बाईनं बगितलं न् लिहिलं. सरांनी चष्मा पुसला, त्येंचे डोळे बी वलसर झाले व्हते. म्हनले, “माणुसकी आहे अजून.” मी खुर्चीत बसले न् मला परत तो डेटॉलचा वास आला.

यष्टीनं आमी माघारी आलो. तळेगाव सुटलं तरी नंदी शेंगा फोडत व्हती, दाना मला, फोलपट आपल्या मांडीवर. कामशेताच्या अलीकडं म्हनली, “आजे, तुला ठावं हाय, मी ह्यो विषय का घेतला?” म्हनलं, “नोकरी लागंल म्हनून.” “न्हाई. तुज्या त्या सिस्टरसाठी. मला कवापासनं वाटायचं, बाबाला धाडनाऱ्यांत येक तरी मानूस असा व्हता. येक असतो म्हंजे दुसरा बी असंल. तो शोधायचा.” म्हनलं, “सापडला?” “सापडंल,” म्हनली, “अजून पुस्तकं लय हायेत.” तिच्या डोळ्यात जे व्हतं ते बघून मी खिडकीबाहीर बघितलं. बाहीर बगण्यासारखं काय न्हवतं. भात कापून झाल्यालं, नुसती धसकटं.

पोरगी पास झाली. शिकवती आता. दर साली नव्या पोरांना त्या टोपीचं सांगती, म्हनं वर्गात लय शांतता हुती.

आता येवडं सांगितलं तर येक सांगून टाकते, ती आण माज्या जिवाला खाती म्हनून. टोपीचं झालं न्हाई. महिपती, कढ, केरबा, बिब्बा, मीठ, सगळं जसंच्या तसं हाय. सिस्टर बी व्हती. बोर्डाच्या दिशी ती भिंतीशी हुबी व्हती, आन् महिपती सरळ चालला तवा तिनं टाळ्या वाजवल्या. लय आनंद झाला व्हता बिचारीला. ठेसनावर फुलं घिऊन आली ती तीच. टोपी डोक्यावरच व्हती, येक पिन सुदीक ढिली न्हवती.

नंदी तवा सा वर्सांची आसंल. ताटावर बसली व्हती. शालूनं तिला बापाचं कायबाय सांगितलं असनार. घास तोंडात तसाच धरून मला म्हनली, “आजे, तू बाबाला नगं जाऊ म्हनलीस, आई म्हनली. पन तितल्या येकानं बी नगं म्हनलं न्हाई?” मी म्हनलं, “म्हनली की. येक सिस्टर व्हती.” “मग तिनं काय केलं?” माजी नजर खुंटीवर गेली, तितं नंदीचीच बाळपनची पांढरी टोपी टांगल्याली.

“टोपी फेकली,” म्हनलं.

मग तिनं घास गिळला.